ग्लोव्हज कुणाला?

विरार लोकलमध्ये सर्वकालीन कसोटी संघ निवडणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. ब्रॅडमन आणि सोबर्स चर्चेशिवाय आत. गावसकरच्या जोडीला कोण, हे बोरिवलीपर्यंत ठरतं. फिरकीला वॉर्न की मुरली, हा तंटा अंधेरीला दोघांनाही घेऊन मिटवला जातो. मग येतो कीपर. "गिलख्रिस्ट. पुढे बोला," असं कुणीतरी पेपराआडून म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. माझं भांडण या माना डोलावण्याशी आहे.

गिलख्रिस्ट मोठा, यात वाद नाहीच. 96 कसोटींत 17 शतकं, सरासरी 47च्या वर, आणि सातव्या नंबरावर येऊन शंभर चेंडूंत ऐंशीच्या पुढे धावा काढायचा वेग. 2001 साली वानखेडेवर ऑस्ट्रेलिया 5 बाद 99 होती. हरभजनचा चेंडू वळत होता, आपण खुशीत होतो. त्यानंतर या गृहस्थाने 112 चेंडूंत 122 केल्या, हेडनबरोबर 197 जोडल्या आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. त्याच मालिकेत पुढे कोलकात्याला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर शून्य आणि चेन्नईला एक अधिक एक, हेही लक्षात ठेवावं. आमच्या डब्यात ते कुणी ठेवत नाही.

पण 5 बाद 99 ही वेळ आपल्या या संघावर येणार कशी? वर गावसकर, ब्रॅडमन, तेंडुलकर, सोबर्स बसलेत. त्यांना गुंडाळायला गोलंदाज मंगळावरूनच आणावे लागतील. म्हणजे सातव्या नंबरवाल्याला पॅड बांधून नुसतं बसायचंय. त्याचं खरं काम दुसऱ्या डावात, पाचव्या दिवशी; एका टोकाने वॉर्न, दुसऱ्या टोकाने मुरली, आणि फलंदाज क्रीजबाहेर अर्धा क्षण.

या अर्ध्या क्षणाचा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो. फलंदाजीची सरासरी दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मोजतात. हुकलेल्या स्टंपिंगला स्कोअरकार्डात रकानाच नाही. कीपरने सोडलेला फलंदाज पुढे दीडशे करतो आणि त्या दीडशे गोलंदाजाच्या नावावर चढतात. कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर, भर पावसाळ्यात, ज्याने स्टंपजवळ उभं राहून ऑफस्पिन घेतलाय त्याला विचारा. एक चेंडू गुडघ्याखाली, दुसरा हनुवटीवर, आणि बाय गेली की मिडऑनवरून कप्तान ओरडतोच.

फ्लॉवरचं नाव निघतं. कीपिंग करताना पन्नासच्या वर सरासरी, ती झिम्बाब्वेसारख्या दुबळ्या संघासाठी. नागपूरला 2000 साली फॉलोऑननंतर त्याने नाबाद 232 काढून सामना वाचवला होता. पण बुडत्या संघाला तारणारा माणूस न बुडणाऱ्या संघात काय करील? संगकाराचं तर त्याच्याच आकड्यांनी उत्तर दिलंय: ग्लोव्हज घालून सरासरी चाळीसच्या आसपास, काढल्यावर सहासष्टच्या पुढे. दिवसभर उठाबशा काढण्याची किंमत किती, ते यावरून कळावं. धोनीचे चाहते मालाडला चढतात. त्याच्या हाताचा वेग मलाही मान्य, पण पेस बोलिंगवर पहिल्या स्लिपकडे जाणारा झेल म्हटलं की मी खिडकीबाहेर बघतो.

वानखेडेने दुसऱ्या जातीचा कीपरही पाहिलाय. 1980ची ज्युबिली टेस्ट सगळ्यांना बोथमसाठी आठवते, शतक आणि तेरा बळी. त्या सामन्यात बॉब टेलरने दहा झेल घेतले, तेव्हाचा तो विक्रम होता. कसोटीतली त्याची फलंदाजीची सरासरी जेमतेम सोळा. तरी इंग्लंड 5 बाद 58 असताना तो बोथमबरोबर उभा राहिला आणि दोघांनी 171 जोडल्या. मध्ये पंचांनी त्याला झेलबाद दिलं होतं. कप्तान विश्वनाथने बॅट लागली नाही म्हणून त्याला परत बोलावलं. सामना आपण दहा विकेट्सनी हरलो. विशीबद्दल, म्हणजे विश्वनाथबद्दल, तरी आमच्या डब्यात कुणी वाकडा शब्द काढत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी अ‍ॅलन नॉटचं नाव घेतो. टेलरला इतकी वर्षं बाहेर बसवणारा माणूस तोच. अंडरवूडसारख्या जलद फिरकीवाल्याला ओल्या खेळपट्टीवर स्टंपजवळ उभं राहून घ्यायचा, आणि वर पाच कसोटी शतकं, सरासरी 32च्या पुढे. सातव्या नंबराला याहून जास्त लागत नाही. गिलख्रिस्टने वॉर्नला वर्षानुवर्षं उत्तम सांभाळलं, हे मला ऐकवलं जातं आणि ते खरंच आहे. तरीही दोघांतून एक निवडायचा तर चेंडू वळत असताना मला नॉट हवा.

दादर आलं की मात्र जग मागे पडतं आणि मुंबईचा सर्वकालीन संघ सुरू होतो. तिथे फरूख इंजिनिअर: दादरचा पोरगा, 1967 साली मद्रासला वेस्ट इंडिजच्या हॉल-ग्रिफिथ या तेज जोडीसमोर उपाहाराआधीच नाबाद 94. त्याच्यासमोर नरेन ताम्हाणे, 21 कसोटी, फलंदाजीची सरासरी दहा, आणि 51 बळींपैकी 16 यष्टिचीत. मत बहुतेक फरूखलाच पडतं. पण संघात लेगस्पिनर सुभाष गुप्ते असेल तर मी ताम्हाण्यांवर अडून बसतो, आणि गुप्तेला काढायची डब्यात कुणाची हिंमत नाही.