गटाचं खातं आणि झिजलेली बोटं

कडक भाकरी नि चटणी विकायला आम्ही दहा जणींचा बचत गट काढला. भाकरी कशी करायची, ते मला कुणी विचारूच नका. मालदांडी ज्वारीची भाकरी थापायला नि शेंगाचटणी कुटायला सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बायकांना मी काय शिकवणार! अन्न व्यवसायाची नोंदणीही ऑनलाइन झाली. अडलं ते बचत गटाच्या खात्यावर.

"दहाही जणींचं केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, लागेल," शाखेतल्या साहेबांचं एकच पालुपद. विड्या हजारावर मोजून मजुरी मिळते. बँकेत गेलं की तो दिवस बुडाला. तरी सगळ्या आल्या. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराला पुसला, ओला केला, दुसरं बोट ठेवलं, पुन्हा लाल. वर्षानुवर्षं पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या. आमच्या अक्का म्हणाल्या, "मॅडम, ज्योतिषाला हात दाखवला तर पैसे परत देईल की तो!" सगळ्या हसल्या. मला मात्र संताप आला. विडी सुटावी म्हणून गट काढला, तर विडीनंच दारात अडवलं.

सहा चकरा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब रजेवर, एकदा एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव नि पॅनवर सासरचं. (खातं उघडायच्या गटाच्या ठरावात नावं आधारवर आहेत तश्शीच लिहा, वेलांटीसुद्धा बदलू नका.)

शेवटी भाच्यानं रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा नियम छापून दिला. बचत गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची तपासणी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सगळ्यांची करायची तर ती कर्जाच्या वेळी. त्या ओळीखाली लाल रेघ मारून मी कागद काउंटरवर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. "असं होय," एवढंच म्हणाले. त्या 'होय'साठी माझे दोन महिने गेले होते!

अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा तिघींचे कागद आणि ठराव, बस्स. ओळखीला मतदार कार्डही चालतं. अंगठाच पाहिजे म्हणाले तर हे सांगा. मला आधी ठाऊक असतं तर निम्म्या चकरा वाचल्या असत्या. कर्जाची वेळ येण्याआधी मात्र प्रत्येकीच्या आधारला तिचाच मोबाइल नंबर जोडून घ्या. आमच्यात चौघींचा नंबर नवऱ्याचा निघाला.

पहिली बचत १,००० रुपये भरली, त्यात निम्मी चिल्लर. आता पासबुक कुणाच्या घरी ठेवायचं, यावरून भांडण चालू आहे.