पडून राहिलेला लॉट काढायला घेतला

गोदामातला जुना माल आता काढायचाच, आज पक्कं ठरवलं. पुढच्या सीझनला खपेल पुढच्या सीझनला खपेल म्हणत गठ्ठे या रॅकवरून त्या रॅकवर जात राहतात, पण कपडा काही पडून पडून आहे तसाच राहत नाही ना. आज पांढऱ्या शर्टांचे पॅक उघडले, एकही कधी घातलेला नाही, टॅगसकट कोरे, आणि घडीच्या कडांवर पिवळी रेघ, आतली बाजू मात्र पांढरीशुभ्र. हा डाग घामाचा नाही की धुळीचा नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये बीएचटी नावाचं रसायन असतं, ते हळूहळू कापडात उतरतं आणि हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडशी जुळलं की पिवळं पडतं, त्यामुळे जिथे हवा लागते तिथेच, म्हणजे कडेलाच रेघ उमटते. बऱ्याचदा उन्हात ठेवलं की ती जाते, म्हणून थोडे शर्ट बाहेर टाकलेत, बघू. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनचा चामड्यासारखा थर दिलेल्या जॅकेटांचं तसं नाही, दमट हवेने तो थर आतून फुटत जातो, कोणी अंगात घातलं नसलं तरी सोलपटं निघतात, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही.

उरलेला माल ठोक उचलणाऱ्या लॉटवाल्याचा फोन आला होता. ताई, सगळा उचलतो, एकदम, किलोवर बोला. ऐकायला बरं वाटतं, एका दिवसात जागा मोकळी. पण मी नाही म्हटलं, आधी सॉर्टिंग करते मग बोलू. कारण सरळ आहे, मिक्स लॉटला भाव लागतो तो त्यातल्या सगळ्यात वाईट नगाचा, चांगला माल त्या भावात फुकट जातो, आणि घेणारा तरी काय करतो तर हेच सॉर्टिंग, ते आपण केलं तर त्याचे पैसे आपल्याकडे राहतात. दिवस जातात, हात दुखतात, पण माझ्या मते हेच खरं काम आहे, बाकी सगळी घासाघीस.

सॉर्टिंगला बसलं की चित्र दिसतं. एम आणि एल कधीच संपलेत, उरलंय एक्सएस आणि थ्रीएक्सएल, शिवाय मोहरी रंग. तुटलेल्या साईजचा माल दुकानदार घेत नाही कारण रॅकवर सेट लागत नाही, पण ऑनलाइन एकेक पीस विकणाऱ्यांना हाच चालतो, गिऱ्हाईकाला फक्त स्वतःची साईज हवी असते. तेव्हा तुटलेल्या साईजचा म्हणजे कट-साईज वेगळा, सगळ्या साईज असलेला पूर्ण रेशोचा माल वेगळा, डागी वेगळा, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर डिझाइन, साईज, नग लिहिलेला कागद. कागद असला की समोरचा भाव पाडून मागताना जरा विचार करतो. ब्रँडचं लेबल कापून द्यायचं की तसंच, हेही आधीच लेखी ठरवायचं, नंतर त्याच्यावरून भांडणं होतात.

आपल्याला तो पीस कितीला पडला होता हे मनातून काढणं सगळ्यात अवघड. हिशेबाचा नियम स्पष्ट आहे, स्टॉक आपल्याला पडलेल्या किमतीला धरायचा किंवा विकून, विक्रीचा खर्च वजा जाता जे हातात येईल त्याला, दोन्हीतलं कमी असेल ते. म्हणजे तोटा विकताना होत नाही, तो आधीच होऊन बसलेला असतो.

आणि जाळणं? ते माझ्याच्याने होणार नाही. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश फॅशन ब्रँडने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला हे २०१८ मध्ये त्यांच्याच अहवालातून बाहेर आलं, इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ते बंद करायचं जाहीर केलं. फ्रान्समध्ये २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला कायद्यानेच बंदी आहे, युरोपियन युनियननेही मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. बंदी असो नसो, कोणीतरी रात्र रात्र बसून शिवलेला कोरा कपडा आगीत घालायचा हे मला सहनच होत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात कपड्यांचे डोंगर पडलेत, त्यात टॅग न काढलेलेही आहेत, ते फोटो बघितल्यापासून "कुठेतरी जाईल" हे उत्तर मला पुरत नाही, म्हणून घेणाऱ्याला विचारते की पुढे कुठे विकणार.

रिसायकलिंगला द्या असं सगळे पटकन सांगतात, पण कॉटन-पॉलिस्टर मिक्स असेल आणि त्यात स्पँडेक्स म्हणजे ताणणारा धागा असेल तर धागे वेगळे करणं फार कठीण. शुद्ध कॉटनचे डागी टीशर्ट पुसायच्या फडक्यांना जातील, ते पाणी-तेल शोषतात, पण बटणं आणि चेन आधी काढाव्या लागतात. पॉलिस्टर तिथे चालत नाही.

दानासाठी एका संस्थेला फोन केला तर त्या बाईंनी साईज आणि कपड्याचा प्रकार विचारला, नको ते पाठवू नका म्हणाल्या, आम्हालाच मग त्याची विल्हेवाट लावावी लागते. फार पटलं. त्यांना मुलांचे कपडे आणि स्वेटर हवेत, माझ्याकडचे स्वेटर पूर्ण चांगले आहेत, ते विक्रीच्या यादीतून काढून त्यांच्या नावाने बांधले.

उद्या लेगिंग्ज घ्यायच्या, प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-चार ताणून बघायच्या, इलॅस्टिक परत येत नसेल तर तो गठ्ठा विकायचाच नाही. मग लॉटवाल्याला यादी पाठवायची. जॅकेटांचं काय करायचं ते मात्र अजून सुचत नाहीये.