माहुली ते धोम : कृष्णाकाठचा रूट, आत्तापर्यंतची प्रगती

साताऱ्यात रोडबाईक, म्हणजे बारीक चाकाची वेगाची सायकल, घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, यवतेश्वरचा घाट किती मिनिटात चढतोस? आमच्या ग्रुपवर पण तेच, कुणी कासला, कुणी पसरणी घाटात, स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट. चढाला माझी ना नाही, पण माझं हार्टरेट यवतेश्वरच्या दुसऱ्या वळणालाच 170 च्या पुढे जातं आणि मग उरलेला दिवस सोफ्यावर. म्हणून या सीझनला ठरवलं की बेस, म्हणजे दमाचा पाया, बनवायचा तर नदीकाठी बनवायचा, संगम माहुलीपासून कृष्णेच्या उलट्या दिशेने लिंब, भुईंज, वाई, मेणवली करत धोमपर्यंत, आणि जमेल तितका हायवे टाळून. जाऊन-येऊन साधारण 100 किलोमीटर होतात, आडवळणं घेतली तर जास्त. चढ आहेत पण नावापुरते, पुढे 50-34 दात्यांचा क्रँक आणि मागे 11-32 दात्यांचे गिअर असतील तर पुढच्या मोठ्या रिंगवरनं खाली यायची वेळच क्वचित येते.

सुरुवात माहुलीतनं का, तर एक म्हणजे सकाळी साडेसहाला तिथे शांत असतं आणि दुसरं म्हणजे जागाच तशी आहे. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, एका काठाला क्षेत्र माहुली, दुसऱ्या काठाला संगम माहुली. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे आहे आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची पण, हे साताऱ्यातल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतं. महाराज गेले 1749 मधे. मी तिथे टायरची हवा बघतो, बाटल्या भरतो आणि निघतो, दर्शन वगैरे परत येताना, कारण थंड झालेले पाय परत गरम करायला वेळ जातो.

लिंबपर्यंतचा पट्टा माझा आवडता. ऊस, हळद, मधेच गव्हाचा तुकडा, रस्ता अरुंद पण बऱ्यापैकी गुळगुळीत. लिंबजवळ शेरीत बारा मोटेची विहीर आहे, तिथे थांबला नाहीत तर या रूटला काही अर्थ नाही. विहिरीवरच्या शिलालेखात शके 1641 ते 1646 असं आहे, म्हणजे साधारण 1719 ते 1724, आणि बांधणाऱ्या वीरूबाई भोसले. अष्टकोनी, वरनं बघितलं तर शिवपिंडीसारखा आकार, खोली 110 फूट आणि व्यास 50 फूट सांगतात. नाव बारा मोटेची पण मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. आणि खरी गंमत म्हणजे विहिरीच्या पोटात महाल आहे, खांबांवर कोरीव काम, वर बसायची जागा, खाली पाणी. बाहेर 36 डिग्री असताना आत पाय ठेवला की गारवा लगेच जाणवतो. फक्त क्लीटवाले (तळाला पेडलमधे अडकणारी कडक पट्टी असलेले) शूज वरच काढून ठेवा, दगडी पायऱ्या घासून घासून गुळगुळीत झाल्यात आणि क्लीटला त्यावर अजिबात ग्रिप नाही. मी सॉक्सवर उतरतो, लोक बघतात, बघू देत.

तिथेच एक आजोबा भेटतात बऱ्याचदा, शेळ्या घेऊन. पहिल्यांदा विचारलं, “कुठनं आलायसा पावनं?” म्हटलं सातारा. “सायकलीवं? गाडी न्हाई का घरी?” आता गाडी आहे म्हटल्यावर तर त्यांना माझी फारच काळजी वाटायला लागली. आता मी दिसलो की हवेचा अंदाज सांगतात, आज वारं सुटंल, लवकर मागं फिर. आणि सांगतो तुम्हाला, अॅपपेक्षा त्यांचं जास्त खरं ठरतं.

लिंबच्या पुढे मात्र अडचण आहे. गावागावातनं जोडत जावं लागतं आणि काही ठिकाणी हायवेचा सर्व्हिस रोड धरल्याशिवाय गत्यंतर नाही, उडतारे ते पाचवडच्या आसपास तर हमखास. तो पट्टा मी डोकं खाली घालून, मागचा लाल दिवा दिवसा पण चालू ठेवून काढतो. त्यात ऊसतोडीच्या दिवसात भुईंजच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन दोन, ओव्हरटेक करायला गेलात की मागची ट्रॉली डुलत असते. रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे बारीक चाकाला फार वाईट. 25 एमएम टायर काढून 28 टाकले आणि हवा 100 वरनं 78 पीएसआयवर आणली, माझं वजन 74 आहे, तेव्हापासून हात पण कमी भरून येतात आणि स्पीड काडीचाही कमी झालेला नाही. ज्यांना अजून वाटतं की टायर दगडासारखा कडक पाहिजे त्यांनी एकदा करून बघा, मग बोला.

वाईत चहा, मिसळ, जे असेल ते. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. रास्त्यांच्या गवंड्यांना एरोडायनॅमिक्स कळत होतं आणि आपण एरो हेल्मेटला वीस हजार मोजतो. घाटावर सायकल उभी करायची तर कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस सोडून जा, तेव्हा मांडव पडलेले असतात आणि एकेक घाट भरलेला.

वाईतनं मेणवली तीनेक किलोमीटर. 1768 मधे औंधच्या पंतप्रतिनिधींकडून हे गाव नाना फडणवीसांना मिळालं, मग त्यांनी सहा चौकांचा वाडा आणि मागे चंद्रकोरीसारखा घाट बांधला. शूटिंगवाल्यांनी हा घाट इतका वापरलाय की पहिल्यांदा येणाऱ्याला पण ओळखीचा वाटतो. मी बघायला जातो ती घंटा. वसईचा किल्ला 1739 मधे चिमाजी आप्पांनी घेतला तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना गेल्या, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला, आणि एक इथे. जवळ जाऊन बघा, घंटेवर मेरी आणि कडेवर बाळ येशू आहे आणि 1707 हा आकडा. महादेवाच्या घाटावर टांगलेली.

पुढे धोम. धोमेश्वराच्या देवळासमोरचा नंदी दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसवलाय, कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असं वाटतं. धरणाच्या भिंतीकडे जाताना जो काय छोटा चढ लागतो तेवढाच अख्ख्या रूटवर उभं राहून मारावा लागतो.

आता आकडे, कारण त्यासाठीच तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल. सीझनच्या सुरुवातीला 135 च्या आसपास हार्टरेट ठेवून माझा अॅव्हरेज ताशी 21 किलोमीटर यायचा, आता तेवढ्याच हार्टरेटला 24 च्या थोडा वर. कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, 72 वरनं 85 ला आलीय आणि हा फरक मला वाटतं सगळ्यात मोठा, कारण सपाट रस्त्यावर फिरवत राहण्याशिवाय दुसरं कामच नसतं, उतारावर सोडून द्यायची सोय नाही. यवतेश्वरचा टाइम पण कमी झालाय बरं का, वेगळी चढाची प्रॅक्टिस न करता. किती ते ग्रुपवर टाकणार नाही, तिथे लगेच भांडणं सुरू होतात.

राहिलेलं काम दोन गोष्टींचं. एक म्हणजे परतीचा वारा, फेब्रुवारी संपला की अकरानंतर असा काही समोरनं लागतो की 24 चा 18 होतो, त्यामुळे आता पावणेसहाला निघायचं बघतोय. दुसरं म्हणजे तो सर्व्हिस रोडचा तुकडा. गोव्याकडनं, म्हणजे लिंबशेजारचं कोटेश्वराचं गोवे, नदी ओलांडून पलीकडच्या काठाने वर भुईंजपर्यंत डांबरी रस्ता सलग मिळतो का, कुणी रोडबाईकवर केलाय का? गावातली पोरं हो म्हणतात पण त्यांच्याकडे स्प्लेंडर आहे. कुणाकडे जीपीएक्स (रूटची जीपीएस फाइल) असेल तर टाका, पुढच्या रविवारी जाऊन बघतो.