ज्यूसर कुठला घेऊ, काकू?

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, परवा तर चक्क हळदीकुंकवाला वाण घेता घेता एकीने विचारलं, "काकू, ज्यूसर कुठला घेऊ?" आमच्याकडे दोन आहेत हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. एक माळ्यावर, एक ओट्यावर. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच बैजवार सांगते.

आधी मला सांगा, पिणार कोण आहे?

आमच्याकडे पहिला ज्यूसर आला तो ह्यांची शुगर निघाली तेव्हा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ७.९. घाबरून दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात, आणि दुकानदाराने मिक्सर, ग्राइंडर, ज्यूसर असं तिन्ही एकात असलेलं धूड गळ्यात मारलं. रोज सकाळी चार मोसंब्यांचा रस, वर साखरेचा कण नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान! महिनाभराने शुगर उतरायच्या ऐवजी चढलेली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, सकाळी उठल्या उठल्या चार मोसंबी सोलून खाल का?"

"चार? दीडातच पोट भरतं माझं."

"मग पिता कशी?"

हे गप्प. मीही गप्प, कारण पिळत मीच होते.

२५० मिलीचा पेलाभर संत्र्याचा रस म्हणजे साधारण २० ग्रॅम साखर, आपले चहाचे पाच चमचे. ती फळाचीच असते, मान्य; पण फळात तिला अडवून धरणाऱ्या साली आणि तंतू यंत्राने बाजूच्या भांड्यात टाकलेले असतात. शंभर ग्रॅम संत्र्यात दोन-अडीच ग्रॅम तंतू, रसात जवळजवळ काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेवर मर्यादा घालताना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली. तेव्हा शुगरवाल्या माणसासाठी ज्यूसर बघत असाल तर पैसे वाचवा आणि फळ चावून खायला द्या. एक अपवाद मात्र आहे. शुगर एकदम खाली जाऊन घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर हाच रस औषध होतो. माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर अर्धा पेला द्यायचा, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. त्यासाठी काचेचं लिंबू पिळायचं भांडं पुरतं.

सासूबाईंचे दात काढले तेव्हा मला वाटलं, आता तरी यंत्र कामाला येईल. कसलं काय. त्यांना रस नको होता, पोटभरीचं हवं होतं. चिकू आणि दही मिक्सरमधून फिरवलं, गाळणी लावलीच नाही, की त्या खूश. चावता येत नाही एवढीच अडचण असेल तर घरचा मिक्सर पुष्कळ झाला. गिळतानाच ठसका लागत असेल तर मात्र पातळ रस धोक्याचा, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टरांना विचारा.

माझ्या जाऊबाईंची तऱ्हा वेगळी. मोबाइलवर बघून त्यांनी रोज सकाळी कच्चा पालक आणि बीट सुरू केलं. मुतखडा आधीच होऊन गेलेला. पालकात आणि बिटात मुतखड्याला खतपाणी घालणारं ऑक्सलेट भरपूर, आणि गोम अशी की भाजीत जी जुडी चौघांत वाटली जाते ती रसात एकट्याच्या पेल्यात मावते. डॉक्टरांनी तो हिरवा पेला पहिल्याच भेटीत बंद केला. किडनी कमजोर असेल तर टोमॅटो, मोसंबी, शहाळं यांतलं पोटॅशियम बघावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर पालेभाजीचा रस एकाएकी सुरू करू नये, त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. यातलं काही ज्यूसरच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आणि दुधी! २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा रस पिऊन दगावले. नंतर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तज्ज्ञ समितीने सांगितलं की कडू दुधीचा रस प्यायचा नाही आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळायचा नाही. कारल्यात दुधीचा कडूपणा कळणार कसा? मी दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवते. कडू लागला की थुंकायचा आणि अख्खा दुधी कचऱ्यात, भले चाळीस रुपये जावोत. आमच्या आई भाजीचा दुधीसुद्धा असाच चाखून घ्यायच्या, तेव्हा मला ते उगीच वाटायचं.

हे सगळं ऐकूनही घ्यायचाच असेल, तर आता यंत्राकडे वळू.

माळ्यावरचा आहे तो जाळीचा. पात्यांची चकती मिनिटाला हजारो फेऱ्या मारते, फळ किसलं जातं, रस जाळीतून बाहेर फेकला जातो. गाजर, बीट, सफरचंद झकास. पालक किंवा गव्हांकुर घातले तर मात्र पानं भिरभिरत तशीच चोथ्यात. आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या काकांना आमच्या रसाची वेळ पाठ होती.

ओट्यावरचा कोल्ड प्रेस. आत जाड स्क्रू, मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या, रसवंतीतला चरक ऊस पिळतो तसा हा पिळतो. जीवनसत्त्वं जळत नाहीत म्हणून हा घ्या, असं विक्रेते सांगतात. मी जुन्यातून निघालेल्या रसाच्या पेल्याला हात लावून पाहिलाय, गाजर जेवढं गार तेवढाच रस गार, जळतंय कुठे? याचे जादा पैसे मोजावेत ते तीन गोष्टींसाठी. पालेभाजी पिळली जाते, आवाज कमी आणि रस जास्त. एक किलो गाजरांचे जुन्यात जेमतेम दोन पेले निघत, यात तीन भरत आले. चोथा मुठीत दाबला तरी ओल लागत नाही. पण किंमत जुन्याच्या तिप्पट, आणि आल्याचे धागे, पालकाचे देठ त्या स्क्रूभोवती असे गुंडाळले जातात की उलटं फिरवायचं बटण नसतं तर मी तो केव्हाच परत केला असता.

आता धुण्याचं. पेला रिकामा झाल्यावर समोर सात तुकडे असतात: झाकण, दांडा, स्क्रू, जाळी, रबरी कडं, वाडगा, चोथ्याचं भांडं. जाळी नळाखाली धरून ब्रशने आतून-बाहेरून घासायची, ती त्याच मिनिटाला. डबा भरायचा म्हणून अर्धा तास तशीच ठेवलीत तर गाजराचा कीस भोकांत सिमेंटसारखा बसतो आणि मग टाचणी घेऊन बसावं लागतं. मी बसले आहे. प्लास्टिकवरचा गाजराचा केशरी डाग साबणाला दाद देत नाही, गोडेतेलाचा बोळा फिरवला की सुटतो. रबरी कडं काढून नाही धुतलं तर दोन दिवसांत वास येतो.

मग आमचा ओट्यावर का आहे? आवळ्यासाठी. थंडीत आवळे आले की बिया काढून रस काढते, पाण्यात घालून जेवताना थोडा थोडा. माझं हिमोग्लोबिन कायम कमी, आणि पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला सी जीवनसत्त्वाची मदत होते. गोड फळं त्यात घालत नाही. गाजराचा चोथा टाकत नाही, थालीपिठात जातो. ह्यांना अजून कळलेलं नाही, कृपा करून सांगू नका.

घेण्याआधी आमचा माळ्यावरचा आठवडाभर घेऊन जा. रस कसा लागतो ते बघूच नका. पोरांची शाळेची बस आणि तुमची लोकल, यांच्या मधल्या वेळात जाळी घासून होते का, तेवढं बघा. ब्रश सोबत देते. शिडी मात्र तुमच्याकडून आणा, आमची मोडलीय.