अँडरसनची कात्री

या शाळेने मला जे लेखक दिले, त्यांत डेन्मार्कचा गोष्टीकार हॅन्स अँडरसन सगळ्यांत जवळचा. आमच्या बाई त्याच्या गोष्टी पुस्तकातून वाचून दाखवत नसत, तोंडी सांगत. कुरूप बदकाचं पिल्लू, राजाचे नवे कपडे, एका पायाचा कथिलाचा शिपाई. सगळा वर्ग चिडीचूप असायचा.

हा माणूस कात्रीचाही मोठा कलावंत होता, हे मात्र मला पुष्कळ उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळलं. ओडेन्स या त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयात त्याची कागदकामं जपलेली आहेत. त्यांची छायाचित्रं पाहिली आणि मी हरखून गेलो. तो कागद दुमडायचा, गोष्ट सांगता सांगता कात्री चालवायचा आणि शेवटी घडी उलगडायचा. आत काय नसे! टाचा उचललेल्या नर्तकी, हंस, रंगमंच, पवनचक्कीच्या धडाचा माणूस. आणि त्यांच्याच शेजारी फासावर लोंबणारा चोर. मुलांसाठी म्हणून त्याने जग गोड करून दाखवलं नाही, ना कागदात, ना गोष्टीत. काड्यापेट्या विकणारी त्याची मुलगी थंडीत मरतेच.

मग गोष्टी नव्याने वाचायला घेतल्या आणि पानोपानी कात्री दिसू लागली. शिपाई जिच्यावर जीव लावतो ती नर्तकी कागदाची, तिचा महालही कागदाचाच. ती गोष्ट 1838ची. त्याआधी, 1835च्या गोष्टींच्या पहिल्याच पुस्तिकेत, छोट्या इडाला एक विद्यार्थी फार आवडतो. कारण तो सुंदर गोष्टी सांगतो आणि कागदाचे महाल कापून देतो, ज्यांची दारं उघडतात! तो विद्यार्थी म्हणजे अँडरसन स्वतःच, असं मला ठामपणे वाटतं.

आयुष्याच्या अखेरीस, 1873-74मध्ये, आजारपणातही त्याने एका घडीच्या पडद्यावर शेकडो चित्रं कापून चिकटवली. एका बाजूला बालपण, एकीकडे रंगभूमी, बाकी पाहिलेले देश. 1875मध्ये तो गेला. हात तोवर थांबले नव्हते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त या कागदकामांचं एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. ग्रंथपालांना एकच विनंती: पाचवी-सहावीच्या मुलांना ते मनसोक्त हाताळू द्यावं. पानं मळली तरी चालतील.