पोलंडचा ट्रक, जर्मनीतला रस्ता आणि आमचा क्लेम

आई नाशिकहून पहिल्यांदाच जर्मनीला आली होती. फ्रँकफर्ट विमानतळावरून तिला घेऊन आम्ही हाइलब्रॉनला घरी निघालो होतो. ए-६ ऑटोबानवर सिन्सहाइम मागे पडलं. आम्ही उजव्या लेनमधून सरळ चाललो होतो, आणि मधल्या लेनमधला ट्रक ओव्हरटेक संपवून उजवीकडे यायला लागला. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला उजव्या अंगाला असलेली गाडी सहज दिसत नाही. मी हॉर्न दाबला, ब्रेक मारला, तोपर्यंत आमच्या ऑक्टाव्हियाचा डावा आरसा गेला होता आणि डावीकडची दोन्ही दारं आत दबली होती.

गाडी कडेच्या पट्ट्यात घेतली, अंगात पिवळी जाकिटं घातली, त्रिकोण मागे नेऊन ठेवला आणि तिघंही गार्डरेलच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. ऑटोबानवर आधी जीव सांभाळायचा, गाडी नंतर. आईचा पहिला प्रश्न होता, "अरे, त्या ट्रकवाल्याला काही लागलं नाही ना?" ट्रकवाला पुढे थांबला होता. तो धावतच आमच्याकडे आला. माणूस युक्रेनचा, ट्रकचा नंबर पोलंडचा आणि मागच्या ट्रेलरचा नंबर लिथुआनियाचा.

हा ट्रेलरच्या नंबरचा मुद्दा आधीच सांगतो, कारण त्या गोंधळात तो पटकन लक्षात येत नाही. ट्रक आणि ट्रेलर या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गाड्या आहेत. दोघांचे नंबर वेगळे, मालक वेगळे असू शकतात, विमाही वेगळा असू शकतो. मागून फोटो काढला तर त्यात फक्त ट्रेलरचा नंबर येतो. बायकोने पुढे जाऊन ट्रकच्या समोरचा फोटो काढला, ट्रेलरचाही काढला. दारावरचं वाहतूक कंपनीचं नाव, ड्रायव्हरने दाखवलेला विम्याचा कागद, सगळं मोबाइलमध्ये घेतलं. पुढे त्या एका फोटोमुळे किती काम सोपं झालं!

पोलीस यायला थोडा वेळ होता. माझ्याकडे गाडीत अपघाताचा युरोपियन फॉर्म होता, जर्मन भाषेतला. ड्रायव्हरकडे तोच फॉर्म पोलिश भाषेत होता. आम्ही दोन्ही फॉर्म बोनेटवर शेजारी शेजारी ठेवले. या फॉर्मची खुबी अशी, की भाषा कुठलीही असो, मांडणी आणि रकान्यांचे आकडे तेच असतात. बाराव्या रकान्यात अपघाताच्या वेळी कोण काय करत होतं याचे सतरा पर्याय आहेत. नववा पर्याय म्हणजे त्याच दिशेने पण वेगळ्या लेनमधून जात होतो. दहावा म्हणजे लेन बदलत होतो. मी माझ्या बाजूला नवव्यावर फुली मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, पोलिश फॉर्मवर बोट ठेवून वाचलं आणि स्वतःहून दहाव्यावर फुली मारली. मग छोटं चित्र काढलं, बाण दाखवले, दोघांनी सह्या केल्या. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, नुसती घडल्या गोष्टीची नोंद असते. तरी त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो. पोलिसांनी त्याच्याकडून दंडाची रक्कम तिथल्या तिथे घेतली, कारण तो जर्मनीत राहत नाही. आम्हाला दोन्ही बाजूंचे तपशील असलेला कागद दिला आणि ते गेले.

सोमवारी ऑफिसमध्ये जो तो एकच सल्ला देत होता. पोलंडच्या कंपनीच्या मागे कुठे लागतोस, आयुष्य जाईल, आपल्या फोलकास्कोमधून घे आणि विषय संपव. फोलकास्को म्हणजे आपल्याकडच्या कॉम्प्रिहेन्सिव्हसारखा विमा. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बहुतेक लोक हेच करतात. समोरच्याची चूक असली तरी स्वतःच्या पॉलिसीतून कॅशलेस दुरुस्ती करून घेतात, कारण समोरच्याकडून वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते आणि तेवढा धीर कुणाला नसतो. पण इथे तसं केलं असतं तर माझ्या खिशातून पाचशे युरो गेले असते, नो-क्लेमची श्रेणी घसरून पुढची काही वर्षं हप्ता वाढला असता, आणि गाडीची उतरलेली किंमत, गाडीविना गेलेले दिवस, यातलं काहीच पॉलिसीने दिलं नसतं. चूक समोरच्याची आणि भुर्दंड मला, हे मला मान्य नव्हतं.

आणि मुळात पोलंडच्या कंपनीच्या मागे लागावंच लागत नाही. ही गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. युरोपात ग्रीन कार्डची, म्हणजे गाडीचा विमा परदेशातही चालतो याचा पुरावा देणाऱ्या कागदाची, व्यवस्था १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. प्रत्येक सदस्य देशात एक ब्युरो असतं. परदेशी गाडीने त्या देशात अपघात केला, तर ते ब्युरो तिथल्या विमा कंपनीच्या जागी उभं राहतं. नुकसानभरपाई द्यायची आणि मग परदेशी कंपनीकडून वसूल करायची, हे त्यांचं आपसातलं काम. जर्मनीतल्या संस्थेचं नाव डॉयचेस ब्यूरो ग्र्यूने कार्टे. तिच्यावर थेट दावा करण्याचा हक्क १९५६च्या कायद्याने दिलेला आहे. कायदा लागू होतो जर्मन, पत्रव्यवहार जर्मनमध्ये, आणि कोर्टात जायची वेळ आलीच तर तेही जर्मनीतलंच. युरोपियन युनियनच्या गाड्यांना तर प्रत्यक्ष ग्रीन कार्ड जवळ बाळगायचीही गरज नाही, नंबरप्लेट हाच विम्याचा पुरावा धरला जातो. नाव ग्रीन असलं तरी २०२०पासून हे कार्ड साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं, तेव्हा कुणी पांढरा कागद दाखवला म्हणून तो खोटा समजू नका.

मी ब्युरोला अपघाताची तारीख, वेळ, जागा, ट्रकचा नंबर आणि देश, मालक कंपनी, ड्रायव्हरचं नाव, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक एवढं कळवलं. सोबत फॉर्मची प्रत आणि फोटो जोडले. उत्तरात हा क्लेम जर्मनीतली कुठली कंपनी हाताळणार हे आलं. म्हणजे आता मला एक जर्मन पत्ता आणि एक फाइल क्रमांक मिळाला. इथे एक बारकावा आहे. ही कंपनी फक्त काम पाहते. तिने पैसे नाकारले आणि खटला भरायची वेळ आली, तर तो तिच्यावर नाही, ब्युरोवर भरायचा असतो. चुकीच्या नावावर भरलेला दावा फेटाळला जातो आणि खर्च आपल्या अंगावर येतो.

त्या कंपनीचा पहिला फोन फार गोड होता. आम्ही आमचा तज्ज्ञ पाठवतो, आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी द्या, सगळं आम्ही बघतो. मी नको म्हटलं. चूक आपली नसेल तर जर्मनीत नुकसान मोजणारा तज्ज्ञ, म्हणजे गुटआख्टर, आपण निवडायचा असतो आणि त्याची फी समोरच्याने द्यायची असते. नुकसान साधारण साडेसातशे-हजार युरोंच्या आत असेल तर मात्र गॅरेजच्या अंदाजपत्रकावर भागवावं लागतं. वकिलाचंही तसंच. त्याची फी ही नुकसानीचाच भाग धरली जाते. आपल्या लोकांना वकील म्हटलं की भांडण वाटतं. इथे तो हिशेब नीट मांडणारा माणूस असतो, एवढंच. समोरची कंपनी रोज हेच काम करते, आपल्यावर आयुष्यात एकदा वेळ येते. मग आपल्या बाजूनेही जाणता माणूस असायला काय हरकत आहे?

गुटआख्टरने गाडी लिफ्टवर चढवून दीड तास पाहिली. दारांच्या पत्र्यापेक्षा त्याला मागच्या चाकाच्या वरच्या भागाची काळजी होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तो जागोजागी टेकवत होता आणि आकडे बोलून रेकॉर्ड करत होता. दुरुस्तीचा अंदाज ६,४०० युरो निघाला. अपघातग्रस्त गाडी म्हणून विकताना जी किंमत कमी येणार, त्याचे ४५० वेगळे. गाडी गॅरेजमध्ये असेल तेवढ्या दिवसांची भरपाईही मिळते. भाड्याची गाडी घेतली नाही तर गाडीच्या गटानुसार ठरलेला दर लागतो. आम्ही ट्रेनवर भागवलं आणि ती रक्कम घेतली. दुरुस्ती न करता नुसते पैसेही घेता येतात, पण मग १९ टक्के व्हॅट मिळत नाही, कारण तो प्रत्यक्ष भरलेला नसतो.

मग बरेच आठवडे शांतता. नंतर पत्र आलं: ७० टक्के देतो. कारण काय, तर रस्त्यावर चालती गाडी हीच मुळात एक जोखीम आहे आणि तुम्हीही सावध राहायला हवं होतं. हे पत्र वाचून माझा संताप झाला. स्वतःच्या लेनमध्ये सरळ चाललेल्या माणसाने ३० टक्के का सोसायचे? पण अनेक जण या टप्प्यावर थकून सही करतात. हे समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं.

वकीलबाईंनी उत्तर लिहिलं ते अवघं दीड पान. जर्मन वाहतूक नियमांच्या सातव्या कलमानुसार, इतर कुणाला धोका होणार नाही अशी खात्री असेल तरच लेन बदलायची. लेन बदलताना धडक झाली तर प्रथमदर्शनी चूक लेन बदलणाऱ्याची धरली जाते, आणि तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं असतं. सोबत पोलिसांचा अहवाल आणि तो फॉर्म, ज्यावर ड्रायव्हरने स्वतः दहाव्या पर्यायावर फुली मारली होती. ज्यांच्या गाडीत डॅशकॅम आहे त्यांच्यासाठी सांगतो: त्याचं चित्रीकरण अपघाताच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८मध्ये म्हटलेलं आहे. आमच्याकडे तो नव्हता. फुलीवर काम झालं.

कंपनीने पूर्ण जबाबदारी मान्य केली. तरी गॅरेजच्या बिलातून गाडी रंगकामासाठी दुसरीकडे नेण्या-आणण्याचा खर्च कापलाच. वकीलबाईंनी आणखी एक पत्र धाडलं, तेही पैसे आले. रकमा लहान होत्या, पण त्या सोडायच्या नाहीत हे त्यांनी मला शिकवलं.

आता आईचं. अपघाताच्या दिवशी ती काही बोलली नाही. रात्री मान वळवता येईना. तेवढ्या रात्री आम्ही तिला इस्पितळात नेलं आणि काय झालं, कधी झालं, हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा प्रवास विमा होता, त्यातून इस्पितळाचं बिल निघालं. तेच बिल ट्रकच्या विम्याकडे पुन्हा मागता येत नाही. पण सोसलेल्या वेदनेची भरपाई हा तिचा स्वतंत्र हक्क होता. ती गाडीत नुसती बसली होती, त्यामुळे ७० टक्के वगैरे युक्तिवाद तिला लागूच पडत नव्हते. पाहुणी म्हणून आलेल्या, व्हिसा संपताच परत जाणाऱ्या माणसालाही हा हक्क आहे, हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. नाशिकला परतण्याआधी तिने वकीलबाईंच्या नावे अधिकारपत्रावर सही केली, माझ्या खात्यात पैसे घ्यायची संमती लिहून दिली आणि नाशिकच्या फिजिओथेरपीच्या पावत्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत राहिली. त्या इंग्रजीत होत्या, तरी मान्य झाल्या. सगळा हिशेब धरून तिला ९०० युरो मिळाले. "मला कशाला देतायत?" असं ती दोनदा म्हणाली, आणि मग त्यातून घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

गेल्या महिन्यात एका मित्राची गाडी इटलीत गार्डा सरोवराजवळ एका इटालियन गाडीने ठोकली, तेव्हा त्याला मी याच वाटेने पाठवायला निघालो होतो. वकीलबाईंनी थांबवलं. अपघात परदेशात झाला असेल तर रस्ता वेगळा. तिथे ग्रीन कार्डच्या ब्युरोचा संबंध येत नाही. युरोपियन युनियनमधल्या प्रत्येक विमा कंपनीने इतर प्रत्येक सदस्य देशात आपला एक प्रतिनिधी नेमलेला असतो, त्याच्याकडे जायचं. हा प्रतिनिधी कोण, हे नंबरप्लेटवरून झेंट्रालरूफ या जर्मन विमा कंपन्यांच्या चौकशी सेवेकडून कळतं. पत्रव्यवहार जर्मनमध्येच होतो, पण भरपाई मोजली जाते इटलीच्या कायद्याने, म्हणून वकिलाची फी किंवा गाडीविना गेलेले दिवस इथल्यासारखे मिळतीलच असं नाही. प्रतिनिधीने तीन महिन्यांत कारणांसह उत्तर द्यायलाच हवं. नाही दिलं तर फेरकेअर्सओप्फरहिल्फं या संस्थेकडे दाद मागता येते. मित्राने प्रतिनिधीला पत्र पाठवलंय, पोचपावती आलीय, आणि तीन महिने कधी पुरे होतात ते आम्ही दोघांनीही कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.