डीव्हीआरला शिवलेलं कव्हर

मला कव्हरं शिवायची खोड आहे. शिवणकामात रोज कापड उरतं, आणि उरलेलं कापड टाकवत नाही. म्हणून आमच्या घरी फ्रीजच्या हँडलला कव्हर आहे, मिक्सरला आहे, रिमोटला आहे, गॅसच्या सिलिंडरला तर झालर लावलेला झगा आहे. मुलगा म्हणतो, "आई, बाबा एका जागी अर्धा तास बसले तर तू त्यांनाही कव्हर शिवशील."

मागच्या एप्रिलात मी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, कव्हर शिवलं. मरून रंगाचं, आतून अस्तर, मधे पिशव्यांना घालतो तो पातळ फोम, खाली बारीक झालर. फिटिंग इतकं नेमकं बसलं की मीच दोनदा मागे सरकून पाहिलं.

आधी कॅमेरे का लागले ते सांगते. हिंगणघाट तालुका म्हणजे कापूस. वेचणी झाली की आमच्या छपरीत ढीग पडतो, आणि आमचे हे भाव चढायची वाट पाहत तो फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवतात. भाव चढतो की नाही ते सोडा. पण तेवढे दिवस रात्री तीनदा उठून बॅटरी मारून ढीग पाहणं व्हायचं. पुण्याच्या पोराला ते सहन होईना, त्यानं चार कॅमेरे बसवून दिले. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "काकू, पुढं कॅमेरे वाढवान, आठवाला डबाच लावतो." चार कॅमेऱ्यांचे छोटे डबे पुष्कळदा बिनपंख्याचे येतात. आमच्या आठवाल्याच्या मागच्या बाजूला मात्र पंखा होता. बोटभर लांबीरुंदीचा, चाळीस मिलिमीटरचा. तो डबा त्यानं माझ्या मशीनच्या वरच्या कोनाड्यात ठेवला, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथंच होता.

एवढासा पंखा एवढा आवाज का करतो, हे मला तेव्हा कळायचं नाही. छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो आणि खोलीभर वारा देतो. त्याची पाती लांब आहेत, त्याला घाई नाही. या चिमुकल्याला तेवढीशी हवा ढकलायची तरी मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारावे लागतात. म्हणून त्याचा आवाज घरघर नसतो, बारीक चिरका असतो. कानात सुई घातल्यासारखा.

पहिला हिवाळा त्याची तक्रार नव्हती. फक्त जानेवारीत, रात्री लाइन गेली, इन्व्हर्टर उतरला आणि पहाटे लाइन आली की तो सुरू होताना कण्हायचा. घर्रर्र करत पाच-दहा मिनिटं, मग गप्प. मला त्याचं नवल वाटलं नाही, माझी मशीनही थंडीत सकाळी जड चालते. तेल घट्ट झालेलं असतं, चालून गरम झालं की सुटतं. तेव्हाच समजायला हवं होतं की ह्याच्याही आत तेल आहे आणि ते संपत आलं आहे.

एप्रिलात आवाज वाढला. आमच्याकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कूलर अजून माळ्यावर असतो, गवताच्या ताट्या बदलायच्या राहिलेल्या असतात, आणि रात्री घर अगदी शांत असतं. त्या शांततेत हा डबा. त्यात दोन आवाज होते, ते मी कान देऊन वेगळे केले. एक मधूनच कटकट, कटकट. ती हार्ड डिस्क, तिचं लिहिणं चालू असतं. दुसरा सलग, आणि त्यात मधेच एक खरखर, बॉबिन केस सैल झाली की येते तशी. तो पंखा. कोनाड्यातली फळी सागाची, पोकळ, भिंतीत नुसती अडकवलेली, त्यामुळे ती ढोलकीसारखी साथ द्यायची.

"अवं, तो डबा काहून बोंबलून राहिला?" हे म्हणाले. "त्या पंख्याची वायरच उपटून टाक. चार कॅमेऱ्याले काय पंखा लागते!"

वायर मी उपटली नाही. तेवढी अक्कल होती. मी कव्हर शिवलं. म्हणजे तेच केलं, फक्त झालर लावून.

कव्हर घातलं आणि आवाज खरंच अर्ध्यावर आला. हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तुझं डोकं चालते बापा." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं वाक्य मोजून तीनदा ऐकलं असेल. पुढं आठवडाभरात कूलर लागला, आणि त्याच्या धबधब्यात पंखा, डिस्क, रातकिडे सगळं बुडून गेलं. त्या कूलरच्या आवाजाखाली पंखा कोणत्या दिवशी बंद पडला, ते आजही मला सांगता येणार नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री. दिवसा पारा ४५ च्या वर होता. दोनच्या सुमारास टी, टी, टी असा आवाज यायला लागला. हे अर्धवट झोपेत म्हणाले, "टिटवी हाय, झोप." मी बरीच मिनिटं टिटवी समजून ऐकलं. पण टिटवी जागा बदलते, हा आवाज कोनाड्यातूनच येत होता. उठून कव्हर काढलं तर डब्याचं झाकण इस्त्रीसारखं. बोट टेकवलं आणि मागे घेतलं. पडद्यावर लिहून आलेलं, हार्ड डिस्क एरर. मी पंख्याच्या जाळीला कान लावला. काहीच नाही.

सकाळी कॅमेरेवाला मुलगा आला. तोवर डबा बंद करून निवायला ठेवला होता. त्यानं चालू केला, डिस्क दिसली, पण जुनं रेकॉर्डिंग उघडेना, फॉरमॅट मारावा लागला, म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसावं लागलं. मग त्यानं मेनूत खोल कुठंतरी जाऊन मला डिस्कचं तापमान दाखवलं. ते तिथं असतं हेच मला माहीत नव्हतं. चालू करून अर्धा तासही झाला नव्हता, कव्हर नव्हतं, पंखा बंद, आणि आकडा ५८. डब्याच्या पुस्तिकेत डबा उणे १० ते ५५ अंशांच्या हवेत चालतो असं छापलं आहे. आमच्या खोलीची हवा दुपारी ४१ पर्यंत जाते, म्हणजे तसं पाहिलं तर बसतं. पण डब्याच्या भोवतीची हवा म्हणजे खोलीची हवा नव्हे. तीन बाजूंनी भिंत, वर फोमचं कव्हर. आतून निघालेली गरम हवा झालरीतच अडकून पुन्हा आत ओढली जात होती. पंखा स्वतःचाच उच्छ्वास पीत होता.

"काकू, कव्हर कोणी शिवलं? मस्त हाय," तो म्हणाला. खवचटपणे नाही, मनापासून.

याची किंमत मला त्याच आठवड्यात मोजावी लागली. एक बाई आली, म्हणे मी तीन ब्लाउजपीस दिले होते, तू दोनच शिवले. मला दोनच आठवत होते. एरवी मी ऐटीत सांगितलं असतं, थांबा, कॅमेऱ्यात पाहू. दारावरचा कॅमेरा नेमका मशीनकडेच पाहतो. पण फॉरमॅट. लग्नाचं घर होतं, वाद घालायची वेळ नव्हती, मी स्वतःच्या पैशानं मोतिया रंगाचा पीस आणून शिवून दिला. जुलैत तिच्याच पेटीत तो तिसरा सापडला म्हणे. हे मला तिच्या जावेनं सांगितलं. तिनं अजून सांगितलेलं नाही.

तर पंखा. वायर काढून, झाकणाचे स्क्रू सोडून मीच उघडला. आत कापसाचा एवढा पुंजका निघाला की त्याची वात झाली असती. दोन प्रकारचा होता. पात्यांवर बसलेली छपरीतली रुई, पांढरी. आणि मधल्या कण्याला गुंडाळलेले रंगीत तंतू, ते माझे, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉकचे. बॉबिनवर दोरा भरावा तसे गोल गोल बसले होते. मऊ ब्रशनं काढले. पात्यावर बोट धरून काढायचे, कारण ब्लोअरनं फुंकर मारली तर पंखा नको तेवढा जोरात फिरतो आणि त्यानंही बिघडतो, असं पोरानं फोनवर बजावलं होतं.

मागचं गोल स्टिकर नखानं उचललं. खाली बारीक भोक. ह्या स्वस्त पंख्यात गोळ्या नसतात, नुसता दांडा एका बुशात, म्हणजे छोट्या नळीत फिरतो, मधे तेलाचा पातळ थर. उन्हाळ्यानं ते तेल वाळतं, दांडा घासायला लागतो, ती खरखर. मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, सुईच्या टोकावरून. दोन मिनिटं हातानं फिरवला. डबा लावला आणि पंखा सुरू झाला, इतका गुपचूप की मला वाटलं पुन्हा बंदच पडला. खात्री करायला मी मशीनवरचा लाल दोरा तोडून जाळीपुढे धरला. दोरा बाहेरच्या बाजूला ताठ आडवा झाला. म्हणजे हवा बाहेर फेकतो आहे.

हे सुख तीन आठवडे टिकलं. मशीनचं तेल पातळ असतं, अशा उष्णतेत उडून जातं. खरखर परत आली. मग नणंदेला सांगितलं, तिनं नागपुरात सीताबर्डीवरून नवा पाठवला, १८० रुपये. चाळीस बाय चाळीस बाय दहा, बारा व्होल्ट, आणि मुद्दाम बॉल बेअरिंगचा, म्हणजे गोळ्यांचा. नवा असताना हा जुन्यापेक्षा किंचित जास्त वाजतो, पण उन्हाळ्याला टिकतो.

बसवताना मी चूक केली. दोरा धरला तर आतल्या बाजूला ओढला गेला. उलटा बसला होता. कडेला बारीकसा बाण असतो, हवा कुठं जाणार ते दाखवणारा, तो मी पाहिलाच नव्हता. तसं बाण नसला तरी स्टिकर असलेल्या बाजूनं हवा बाहेर पडते. पुन्हा चार स्क्रू.

नणंदेकडे टीव्हीचा रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स होता, मालिका साठवून ठेवायचा. त्याचा पंखा शहाणा. तीन वायरींचा, थंडीत हळू, गरम झालं की जोरात, म्हणून त्याचा आवाज ऐकून बॉक्सची तब्येत कळायची. तिची तक्रार वेगळी होती, टीव्ही बंद केला तरी तो बॉक्स रात्रभर घुमायचा. कारण बटण दाबलं की दिवा लाल होतो, पण ठरलेलं रेकॉर्डिंग चुकू नये म्हणून आतून तो जागाच असतो. आमच्या इन्व्हर्टरचा पंखा तर आणखी वेगळा, तापला तरच फिरतो, एरवी ढिम्म. माझ्या डीव्हीआरच्या पंख्याला दोनच वायरी, लाल आणि काळी, सरळ बारा व्होल्ट. त्याला ऊन कळत नाही, थंडी कळत नाही. डिसेंबरात आणि मे महिन्यात तो सारखाच फिरतो. त्याचा सूर बदलला की कारण हवामान नसतं, कचरा किंवा तेल असतं. हे एवढं मला एप्रिलात माहीत असतं तर तो मरून कपडा वाचला असता.

डबा आता कोनाड्यात नाही. मशीनच्या बाजूच्या भिंतीवर उघडी लोखंडी घोडी ठोकून घेतली, चारी बाजूंनी वीतभर मोकळं. खाली ह्यांच्या जुन्या रबरी चपलेचे चार चौकोन कापून लावले, त्यानं जेवढा आवाज कमी झाला तेवढा फोमनंही झाला नव्हता. अर्धा गोंगाट त्या फळीचाच होता तर. तापमान मी मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिते, छाती-कंबर-बाहीच्या मागे. यंदा मे महिन्यातल्या दुपारचा सगळ्यात मोठा आकडा ५२. कापूस घरात असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी ब्रश.

कव्हर मिक्सरला थोडं मोठं होत होतं, बाजू उसवून बसवलं.

तो लाल दोरा मात्र मी जाळीच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवूनच टाकला. कूलर चालू असला, काही ऐकू येत नसलं, तरी मशीनवरून नुसती मान वर केली की दिसतो, फडफडत असतो. ह्यांनाही आता जाता-येता तिकडे पाहायची सवय लागली. परवा दुपारी मी मागच्या अंगणात कुरड्या वाळत घालत होते, तर ओसरीतून हाक आली.

"अवं, दोरा लोंबून राहिला!"

हातातलं टाकून धावत आले. लाइन गेली होती, आणि इन्व्हर्टरचं बटण ह्यांनीच सकाळी बॅटरीत पाणी टाकताना बंद केलं होतं.